रोज वापरायची क्लासिक गाडी: आधी कशाला हात लावावा?

रोजची_फेरी

नमस्कार. १९६०च्या दशकातली, चार सिलिंडरची, दीड लिटर इंजिनाची सलून रोज कामावर जाण्या-येण्यासाठी वापरायची आहे. फक्त सुट्टीच्या दिवशी बाहेर काढायची गाडी म्हणून नाही. रोजचं अंतर ४० किमी, त्यातलं निम्मं थांबत-थांबत गर्दीतून आणि निम्मं मोकळ्या रस्त्यावर ७०-८० च्या वेगाने. पाऊस असो वा ऊन, गाडी हीच.

सध्याची स्थिती अशी: एक कार्ब्युरेटर, पॉइंटचं इग्निशन (ठिणगीसाठी वीज तोडणारे यांत्रिक संपर्क), अल्टरनेटरऐवजी डायनमो, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं), चारही चाकांना ड्रम, सिंगल सर्किट मास्टर सिलिंडर. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं आहे, धूर नाही. पत्रा मजबूत आहे. गाडी बरीच वर्षं फारशी चाललेली नाही.

विचारायचं ते हे. कामांचा क्रम काय ठेवावा? अल्टरनेटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, इलेक्ट्रिक पंखा यांतलं खरोखर गरजेचं काय? इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं काय करायचं? आणि डिकीत कोणते सुटे भाग ठेवावेत? मूळ स्वरूप जपायला आवडेल, पण रस्त्यात अडकून पडायचं नाही.

---

पाना१३

आधी क्रम. गाडी थांबली पाहिजे, पेटता कामा नये, तापता कामा नये, बॅटरी भरली पाहिजे. याच क्रमाने कामं घ्या. क्रोम आणि सीटची कव्हरं सगळ्यात शेवटी.

एक नियम मात्र कडक पाळा: एका वेळी एकच बदल, आणि तो केल्यावर किमान ३००-४०० किमी गाडी चालवल्याशिवाय दुसरीकडे हात घालू नका. एकाच आठवड्यात कार्ब्युरेटर खोलला, इग्निशन बदललं, पेट्रोल पंप नवा टाकला आणि गाडी मिसिंग करू (ठिणगी चुकून अडखळू) लागली, तर दोष तिघांपैकी कोणाचा हे शोधण्यातच महिना जातो. जुन्या गाड्या बिघडवणारं यापेक्षा मोठं कारण दुसरं नाही.

ब्रेक. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीचे रबरी होज बाहेरून कितीही चांगले दिसोत, बदलाच. होज आतून फुगतो. पॅडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकललं जातं, पण पॅडल सोडल्यावर मागे येत नाही. मग चाक धरून राहतं, ड्रम तापतो आणि लोक उगाच व्हील सिलिंडर बदलत बसतात. ओळखायची रीत सोपी आहे. चाक धरलेलं असताना त्याच चाकाचा ब्लीड निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा स्क्रू) थोडा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब अडकला होता. एकच चाक असं करत असेल तर होज, आणि चारही करत असतील तर मास्टर सिलिंडर किंवा पॅडलला मोकळी चाल न ठेवलेला पुशरॉड. निपल सोडूनही चाक मोकळं झालं नाही, तर आत शू, स्प्रिंग किंवा हँडब्रेकची केबल जाम आहे.

ब्रेक ऑइल डॉट ४ भरा आणि दर दोन वर्षांनी बदला. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ साठी उत्कलनबिंदूची किमान मर्यादा ताज्या ऑइलला २३० अंश सेल्सिअस आहे, पाणी शोषलेल्याला १५५. गर्दीच्या उतारावर हा फरक पायाला जाणवतो. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल आहे, ते डॉट ४ मध्ये कधीही मिसळू नका. डॉट ५.१ मात्र डॉट ४ च्याच जातीचं आहे. नावावरून गल्लत होते.

ब्लीड करताना, म्हणजे पाइपातली हवा काढताना, जुन्या मास्टर सिलिंडरचं पॅडल तळापर्यंत दाबू नका. रोजच्या वापरात पिस्टन जिथवर जातो त्याच्या पुढच्या भागात गंजाचे खड्डे पडलेले असतात. सील त्या खड्ड्यांवरून गेलं की फाटतं, आणि आदल्या दिवशी ठीक असलेलं पॅडल दुसऱ्या दिवशी खाली बसतं. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

ड्रमचं अ‍ॅडजस्टमेंट दर १,५०० ते २,००० किमीला. चाक वर उचला, अ‍ॅडजस्टर चाक लॉक होईपर्यंत आवळा, मग पॅडल एकदा जोरात दाबून सोडा म्हणजे शू मध्यावर बसतील. परत आवळून बघा आणि शेवटी एक-दोन घरं मागे घ्या. अगदी हलका घासल्याचा आवाज राहिला तर चालतो. काही गाड्यांत पुढच्या चाकांना दोन-दोन व्हील सिलिंडर आणि दोन-दोन अ‍ॅडजस्टर असतात; त्यातला एकच आवळला तर गाडी एका बाजूला ओढते.

सिंगल सर्किटमध्ये एक पाइप फुटला तर चारही चाकांचे ब्रेक जातात, उरतो तो फक्त हँडब्रेक. रोजच्या वापरासाठी दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर हा एकमेव बदल असा आहे की जिथे मूळ स्वरूपाचा आग्रह सोडावा. त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचा बसत असेल तर उत्तम. बोअरचा व्यास मूळचाच ठेवा. मोठा बोअर घेतला तर पॅडलची चाल कमी होते खरी, पण त्याच जोराला दाब कमी मिळतो आणि पॅडल दगडासारखं लागतं.

आता पेट्रोल. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा सगळा रबरी पाइप बदला आणि घेताना त्यावर एसएई जे३० आर९ छापलेलं आहे का ते पाहा. साधा नायट्राइल रबरचा पाइप इथेनॉलने मऊ पडतो, मग त्याला तडे जातात. हा पाइप बहुतेक गाड्यांत एग्झॉस्टच्या जवळून जातो, म्हणून हे काम ब्रेकच्या लगेच मागोमाग. पंपाचा डायफ्राम आणि फ्लोटची सुई इथेनॉलला टिकणाऱ्या मटेरियलची घ्या. कॉर्कचा फ्लोट किंवा कॉर्कची पॅकिंग असतील तर तीही काढा.

प्लॅस्टिकचा पारदर्शक फिल्टर एग्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वर लोंबकळत ठेवू नका. तो टाकीच्या बाजूला, गार जागी हवा. इथेनॉल टाकीतला जुना चिकट थर सोडवतं, त्यामुळे पहिल्या हजार किमीत एक-दोन फिल्टर तुंबणार हे धरूनच चाला.

१० टक्के इथेनॉल असेल तर मिश्रण साधारण ४ टक्क्यांनी पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), कारण पूर्ण ज्वलनासाठी हवेचं पेट्रोलशी प्रमाण १४.७ ऐवजी १४.१ च्या आसपास लागतं. आधीच पातळ चालणारी गाडी याने अडखळते. एसयू जातीच्या (एकच जेट सुईने कमी-जास्त उघडणाऱ्या) कार्ब्युरेटरला जेटचा नट एखाद-दोन चपट्या बाजू खाली फिरवून हे भागतं. स्थिर जेटच्या कार्ब्युरेटरला एक आकडा मोठा मेन जेट लागू शकतो. आधी प्लगचा रंग पाहा, मग ठरवा. रोज चालणाऱ्या गाडीला एक फायदा आहे: टाकीत पेट्रोल शिळं होत नाही.

---

ठिणगी

ब्रेक आणि पेट्रोलबद्दल पाना१३ यांनी लिहिलंय त्यात भर घालण्यासारखं काही नाही. विजेचं सांगतो.

डायनमोचा हिशेब आधी मांडू. लुकासच्या सी४० जातीच्या डायनमोची कमाल क्षमता २२ अ‍ॅम्पिअर, तीही इंजिन चांगलं फिरत असताना. इंजिन स्लोवर असताना जवळजवळ काहीच मिळत नाही. आता पावसाळी रात्र धरा. ५५ वॉटचे दोन हेडलाइट म्हणजे साधारण ९ अ‍ॅम्पिअर, छोटे दिवे २, वायपर ३, हीटरचा पंखा ३ ते ४, इग्निशन ३ ते ४. बेरीज २०-२२. गर्दीत उभं राहून-राहून ही सगळी वीज बॅटरीतूनच जाते. दिवसा ४० किमी चालणाऱ्या गाडीला डायनमो पुरतो. रात्री आणि पावसात रोज गर्दीतून जायचं असेल तर पुरत नाही. तुमच्या वापराला अल्टरनेटर हवा.

पण त्याआधी गाडी निगेटिव्ह अर्थ करावी लागेल. बॅटरीच्या तारा उलट लावल्या की संपलं, असं नाही. कॉइलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल करा. प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडला निगेटिव्ह मिळालं पाहिजे. उलट राहिलं तर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि गाडी गरम असताना किंवा चढावर मिसिंग करते. अ‍ॅमीटरच्या तारा बदला. रेडिओ आणि ट्रान्झिस्टर असलेली कोणतीही वस्तू आधी सोडवून ठेवा. इलेक्ट्रिक पेट्रोल पंप असेल तर त्यात डायोड आहे का ते बघा. हीटरच्या मोटरीत कायमचा चुंबक असेल तर ती उलटी फिरेल, तिच्याही तारा बदला.

अल्टरनेटरची मुख्य तार किमान ६ चौरस मिमी जाडीची, थेट स्टार्टर सोलेनॉइडच्या बॅटरीच्या टोकाला न्या. डायनमोचं चार्जिंग सांभाळणारा जुना कंट्रोल बॉक्स दिसण्यापुरता जागेवर ठेवला तरी तो सर्किटमधून पूर्ण बाहेर काढा. मूळ अ‍ॅमीटर ३० अ‍ॅम्पिअरचा असतो. ४५-५५ चा अल्टरनेटर त्यातून नेला तर डॅशबोर्डच्या मागे तारा तापतात, आणि तिथली आग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. अ‍ॅमीटर काढून व्होल्टमीटर लावा. चालू गाडीत १३.८ ते १४.४ दिसलं की चार्जिंग ठीक.

हेडलाइटला रिले लावा, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक पाडणारा बदल आहे. मूळ वायरिंगमध्ये हेडलाइटची सगळी वीज डॅशबोर्डच्या स्विचमधून आणि डिपरमधून फिरून येते. बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड साधारण ३० टक्क्यांनी घटतो. मूळ स्विच फक्त रिले चालवेल, वीज थेट बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाईल. स्विचही जळणार नाही.

अशा जुन्या गाड्यांत फ्यूज दोन किंवा चार असतात आणि हेडलाइटचं सर्किट बऱ्याचदा फ्यूजशिवायच असतं. बॅटरीजवळ एक कट-ऑफ स्विच बसवाच. चोरीलाही तोच आळा.

इग्निशनबद्दल माझं मत असं: पॉइंट वाईट नाहीत, दुर्लक्षित पॉइंट वाईट. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, फीलर गेजने, कॅमच्या सर्वात उंच टोकावर. पॉइंटची टाच झिजते तशी गॅप कमी होते आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडतं, म्हणून नेहमी आधी गॅप आणि मग टायमिंग. उलट क्रमाने केलं तर पहिलं काम वाया जातं. कॅमवर मोहरीएवढं ग्रीस लावा. ते नसेल तर नवी टाच पहिल्या काहीशे किमीतच झिजते. दर ५,००० किमीला तपासा.

व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचा (हलक्या भाराला ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेचा) डायफ्राम फाटलेला असणं फार सर्रास आढळतं आणि कुणी पाहत नाही. पाइप काढून तोंडाने ओढा. दाब धरून राहिला पाहिजे आणि आतली प्लेट सरकलेली दिसली पाहिजे. फाटला असेल तर मोकळ्या रस्त्यावर पेट्रोल जास्त जळतं, बाकी लक्षण काही नाही.

---

मोकळा_रस्ता

इग्निशनवर ठिणगी यांच्याशी थोडं असहमत. रोज वापरणाऱ्याला दर ५,००० किमीला डिस्ट्रिब्युटर उघडायला वेळ असेलच असं नाही. पॉइंटच्या जागी बसणारा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली लपतो, मूळ रूप बिघडत नाही, आणि टाच झिजून टायमिंग सरकण्याचा प्रश्नच उरत नाही. फक्त चार गोष्टी सांभाळा.

मॉड्यूल गाडीच्या पोलॅरिटीचाच घ्या, म्हणजे अर्थ बदलल्यानंतर. कॉइलचा प्राथमिक रेझिस्टन्स मोजा; बहुतेक साध्या मॉड्यूलना ३ ओहमची कॉइल लागते, १.५ ओहमची बॅलास्ट कॉइल (वेगळ्या रेझिस्टरमधून चालवायची) थेट १२ व्होल्टवर जोडली तर मॉड्यूल जळतो. इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवून रेडिओ ऐकू नका, त्यानेही काही मॉड्यूल जळतात. आणि डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बुशमध्ये हलत असेल तर आधी बुश बदला. शाफ्ट हलतोय म्हणून टायमिंग नाचत असेल, तर कोणतंही मॉड्यूल ते दुरुस्त करत नाही.

---

ठिणगी

मान्य, एका अटीवर. पॉइंट हळूहळू बिघडतात आणि आधी सूचना देतात, मॉड्यूल क्षणात मरतो. म्हणून पॉइंट आणि कंडेन्सर बसवलेली, गॅप लावून ठेवलेली जुनी प्लेट डिकीत असू द्या. रस्त्याच्या कडेला स्क्रू काढून ती बसवायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

रोटर (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून प्लगना वीज वाटणारा तुकडा) घेताना त्यावर मधोमध रिव्हेट नसलेला घ्या. रिव्हेट मारलेल्या काही हलक्या रोटरमध्ये ठिणगी रिव्हेटमधून शाफ्टकडे उतरते आणि गाडी गरम झाल्यावर अचानक बंद पडते.

---

गार_पाणी

गाडी कुठे तापते यावरून कारण ओळखा. गर्दीत उभं असताना काटा चढतो आणि चालायला लागल्यावर उतरतो, तर हवा कमी पडते आहे: बेल्ट सैल, पंख्याची पाती चुकीची, पंख्याभोवतीचं आवरण गायब. वेगात चढतो आणि थांबल्यावर उतरतो, तर पाणी फिरत नाही, टायमिंग मागे आहे किंवा मिश्रण पातळ आहे.

गाडी बरीच वर्षं उभी होती, त्यामुळे इंजिनाच्या ब्लॉकमध्ये मागच्या सिलिंडरभोवती गाळ असणार. ब्लॉकचा ड्रेन नळ उघडा. पाणी आलं नाही तर नळ काढून तारेने टोचा. रेडिएटर आणि ब्लॉक वेगवेगळे, उलट्या दिशेने धुवा. दोन्ही जोडलेले ठेवून धुतलं तर ब्लॉकचा गाळ थेट रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो. गरम इंजिनावर इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरवर फिरवा. एखादा पट्टा बाकीपेक्षा खूप गार निघाला तर त्या नळ्या बंद आहेत आणि रेडिएटर उघडून साफ करण्याला पर्याय नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका. इंजिन सतत गार राहिलं की चोक जास्त वेळ लागतो, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि बोअर झिजतो. ८२ अंशाचा बसवा आणि बसवण्यापूर्वी गरम पाण्यात टाकून उघडतो का ते बघा.

कूलंट जुन्या प्रकारचं, सिलिकेट असलेलं, पाण्यात निम्मं-निम्मं, दर दोन वर्षांनी बदलायचं. दीर्घ मुदतीचं सेंद्रिय आम्लांचं कूलंट शिशाच्या डाकाच्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरमध्ये टाळा. रेडिएटरच्या टोपणाचा दाब पुस्तकात आहे तोच. जास्त दाबाचं टोपण लावलं की पाणी उशिरा उकळतं हे खरं, पण जुने होज आणि हीटरची कोर तो दाब सहन करत नाहीत.

इलेक्ट्रिक पंखा अल्टरनेटर बसवल्यानंतरच. त्याला ८-१० अ‍ॅम्पिअर लागतात, डायनमोला ते झेपणार नाही. आणि मूळ पंखा आवरणासकट ठीक असेल तर बहुतेक गाड्यांना त्याची गरजच पडत नाही.

---

रोजची_फेरी

सगळ्यांचे आभार. होज, ब्रेक ऑइल आणि पेट्रोलचा पाइप झाला. आता एक लक्षण. गार गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. अर्धा-पाऊण तास चालवून दहा मिनिटं उभी केली की सुरू होत नाही. अर्ध्या तासाने परत होते. शिवाय गरम असताना सेल्फही थकल्यासारखा फिरतो. काटा मधोमध असतो.

---

पाना१३

ही दोन वेगळी दुखणी असू शकतात, त्यामुळे वेगवेगळी तपासा.

सेल्फ थकतो ते आधी. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या अर्थच्या पोलवर (क्लिपवर नव्हे, पोलवरच), दुसरं इंजिनाच्या मोकळ्या धातूवर. कॉइलची मधली तार काढून अर्थ करा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग खराब. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, गाडीच्या बॉडीशी त्याचा विजेचा संबंध फक्त एका वेणीदार पट्टीने असतो. ती पट्टी तुटकी असेल तर सेल्फची वीज चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलीतून वाट काढते. केबल गरम लागली किंवा जड झाली तर हेच कारण. पट्टी नवी लावा, दोन्ही टोकांचा रंग खरवडून. मग हीच चाचणी बॅटरीचा दुसरा पोल आणि स्टार्टरचं टोक यांच्यात करा.

आता सुरू न होणं. पुढच्या वेळी असं झालं की लगेच दोन गोष्टी बघा. पहिली, एक जादा प्लग तारेला लावून इंजिनावर टेकवा आणि सेल्फ मारा. पेट्रोलच्या वाफांपासून लांब धरा. जाड, निळसर ठिणगी असेल तर इग्निशन ठीक. पिवळी, बारीक असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतोय.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोल. इथे दोन उलट गोष्टी घडू शकतात. इंजिन बंद केल्यावर मॅनिफोल्डची उष्णता कार्ब्युरेटरला लागते, फ्लोटच्या भांड्यातलं पेट्रोल उकळून आत सांडतं आणि इंजिन ओलं होतं. बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास येईल. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा. सुरू झाली तर निदान पक्कं. किंवा पंपात आणि पाइपात वाफ अडकलेली असते आणि भांडं कोरडं असतं. वास येत नाही, पाइप हाताला चटका देतो. पंपावर ओलं फडकं टाकून पाच मिनिटांत सुरू झाली तर हे.

ओलेपणावर उपाय: फ्लोटची पातळी आणि सुई तपासा, कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा फिनॉलिकचा ६ ते १२ मिमी जाडीचा स्पेसर आणि मूळची पत्र्याची ढाल लावा. ही ढाल काढून टाकलेली फार वेळा आढळते. स्पेसरने कार्ब्युरेटर वर येतो, म्हणून बॉनेटला लागत नाही ना ते आधी मऊ मातीचा गोळा ठेवून मोजा. वाफेवर उपाय: पाइप मॅनिफोल्डपासून लांब फिरवा, त्यावर उष्णतारोधक नळी चढवा.

---

ग्रीसगन

वंगणाचा विषय कुणी काढला नाही, म्हणून.

इंजिन ऑइल २०डब्ल्यू-५०, दर ५,००० किमी किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. आधुनिक पातळ ऑइलमध्ये झिंक-फॉस्फरसचं प्रमाण कमी ठेवलेलं असतं, आणि सपाट टॅपेटच्या कॅमशाफ्टला तेच वाचवतं. १,००० ते १,२०० पीपीएम झिंक असलेलं घ्या. भरायच्या टोपणाच्या आत पांढरा फेस दिसला तर लगेच हेड पॅकिंग गेलं असं समजू नका. लहान फेऱ्यांत इंजिन पुरतं गरम न झाल्याने आतल्या वाफेचं पाणी होतं. तुमच्या ४० किमीत हा त्रास व्हायला नको. कूलंट कमी होत असेल तर मात्र हेड पॅकिंग तपासा.

गिअरबॉक्सला पुस्तकात काय लिहिलंय ते वाचा. काही गाड्यांत इंजिनचंच ऑइल जातं. गिअर ऑइल लिहिलं असेल तर जीएल-४ घ्या. जीएल-५ मधले काही घटक पितळेच्या सिंक्रो रिंगना खातात. डिफरन्शियलला जीएल-५ चालतं.

स्टिअरिंगच्या आणि किंगपिनच्या निपलना ग्रीस भरताना चाकावरचा भार उतरवा, म्हणजे ते खालपर्यंत पोचतं. जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा. ट्रायम्फ हेरल्ड किंवा स्पिटफायरसारखी गाडी असेल तर पुढच्या ट्रुनियनमध्ये (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खालचा सांधा) ग्रीस नव्हे, ईपी ९० ऑइल घालायचं. तिथे ग्रीस भरलं की आतला आटा कोरडा पडून गंजतो, ट्रुनियन तुटतो आणि चाक आडवं पडतं.

व्हॉल्व्ह सीटबद्दल. जुन्या पेट्रोलमधलं शिसं एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर मऊ थर ठेवायचं. ते पेट्रोल आता जगात कुठेच पंपावर मिळत नाही. शेवटची विक्री २०२१ मध्ये अल्जीरियात थांबली. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये वेगळ्या धातूच्या सीट आधीच बसवलेल्या असतात, तिथे सहसा काळजी नाही. ओतीव लोखंडाच्या हेडमध्ये थेट कोरलेली सीट हळूहळू खचते. लक्षण एकच: एग्झॉस्टची टॅपेट गॅप पुन्हा पुन्हा कमी होते. दर ५,००० किमीला मोजून वहीत लिहा. आकडे स्थिर असतील तर हेड उघडू नका. ७०-८० च्या वेगाने फार खचत नाही. हेड दुसऱ्या कामासाठी उघडलं तर तेव्हाच कठीण सीट बसवून घ्या.

---

ओली_चटई

टायर. बाजूला चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांच्या पुढचे टायर रोजच्या गाडीला नकोत. रेडियल आणि जुन्या पद्धतीचे क्रॉसप्लाय टायर एकाच आसावर कधीच मिसळू नका, आणि पुढे रेडियल, मागे क्रॉसप्लाय तर मुळीच नको. ओल्या वळणावर मागची बाजू आधी सुटते.

सीट बेल्ट नसतील तर ७/१६ इंची यूएनएफ बोल्टसाठी जाड पत्र्याची पट्टी वेल्ड करून तीन बिंदूंचे बसवा. नुसत्या फ्लोअरच्या पत्र्यात बोल्ट मारला तर धडकेत पत्र्यासकट निघून येतो. मागचे ब्रेकलाइट जुन्या भिंगांमागे फार मंद दिसतात. आजचे वाहनचालक तितक्या मंद दिव्याकडे बघत नाहीत, म्हणून होल्डर घासून साफ करा, अर्थिंग नवं द्या, आणि लाल भिंगामागे लाल रंगाचाच एलईडी बल्ब घ्या. पॉझिटिव्ह अर्थवर साधा एलईडी लागणार नाही. इंडिकेटरला एलईडी लावले तर फ्लॅशरही इलेक्ट्रॉनिक घ्यावा लागेल. विमा काढताना रोज कामावर जाण्याचा वापर स्पष्ट लिहून घ्या. क्लासिक गाड्यांच्या अनेक पॉलिसींत किलोमीटरची मर्यादा असते.

पावसात रोज चालणार म्हणजे गंज. दारांच्या खालच्या कडेची आणि सिलची पाणी जाण्याची भोकं तारेने मोकळी करा, मग आत पोकळीत मारायचं मेण फवारा. उलट क्रमाने केलं तर भोकंच मेणाने बुजतात. गंजावर डांबराचा जाड थर मारू नका. तो तडकतो, आत पाणी धरतो आणि पत्रा सडेपर्यंत वरून दिसत नाही. दर आठवड्याला पुढच्या चटईखाली हात घालून बघा. ओलं लागलं तर काचेचं रबर किंवा हीटरचा होज. चटई वाळवून कारण शोधल्याशिवाय परत टाकू नका.

---

रोजची_फेरी

निदान झालं: अर्थिंग १.४ व्होल्ट दाखवत होतं, पट्टी अर्धी तुटलेली होती. नवी लावल्यावर सेल्फ गरम असतानाही ताजा फिरतो. पेट्रोलचा वास येत होता आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरल्यावर गाडी सुरू झाली. ढाल खरंच गायब आहे, ती आणि स्पेसर मागवतो. डिकीतल्या सामानाचं तेवढं सांगा.

---

पाना१३

फॅनबेल्ट, रेडिएटरचा वरचा होज, चार क्लिपा, दोन लिटर पाणी. ठिणगी यांनी सांगितलेली पॉइंट-प्लेट, रोटर, एक प्लग, एक कॉइल. पेट्रोलचा एक मीटर पाइप आणि फिल्टर. यांत्रिक पंप असेल तर डायफ्रामचा किट. फ्यूज, बल्ब, २.५ चौरस मिमी तार तीन मीटर, इन्सुलेशन टेप. पाने तुमच्या गाडीच्या मापाचे, इंची असतील तर इंचीच. मिलिमीटरचा पाना बसवून नटाची टोकं गोल करू नका. फीलर गेज, मल्टीमीटर, टॉर्च.

२ किलोचा अग्निशामक मात्र डिकीत नको. तो ड्रायव्हरच्या सीटजवळ, बसल्या जागेवरून हात पोचेल असा पक्का बसवा.

कॉइल जागेवर बसवूनच ठेवली, जुन्या कॉइलशेजारी तार न जोडता, तर शोधायला लागत नाही आणि तीन तारा हलवल्या की गाडी पुढे निघते.